सम्राट : अर्थ, उगम, टीप

आमच्या कॉलेजात हिंदीला एक सर होते. 'होते' लिहिताना माझा हात थांबतो, कारण ते कॉलेजात पूर्णपणे कधी होतेच, असं कागदोपत्री कुणी म्हणणार नाही. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जेवढा तास तेवढेच सर. घंटा झाली की ते स्टाफरूममध्ये आहेत का एसटी स्टँडवर, याच्याशी संस्थेला देणंघेणं नसे. मार्चमध्ये त्यांची नोकरी संपायची आणि जूनमध्ये मुलाखत देऊन ते पुन्हा नव्याने लागायचे. माझ्या जन्माच्या आधीपासून ते दर जूनला नवीन उमेदवार होते. मुलाखतीत त्यांना दरवर्षी विचारत, "अनुभव?" आणि सर म्हणत, "या खुर्चीवर बसण्याचा भरपूर आहे."

मला असं कुणाबद्दल लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. माझं गाव इंदापूरच्या अलीकडं, आणि माझे आप्पा दुसऱ्याची डाळिंबाची बाग राखतात. त्यामुळे लिहिताना कुठं चुकलं तर ते माझं चुकलं, सरांनी शिकवलं नव्हतं असं नाही.

सरांच्या वर्गात एकच नियम होता. अर्थ माहीत नसलेला शब्द तोंडात घ्यायचा नाही. धडा वाचायला उभं केलं की आम्ही वाचत जायचो, आणि एखादा मोठा शब्द आला की सर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे. बोट वर झालं की थांबायचं. आधी अर्थ सांगायचा, मग उगम, म्हणजे शब्द कुठून आला ते. मग बोट खाली, आणि गाडी पुढं. त्यामुळे एका तासात आमचा धडा कधी पाऊण पानापलीकडं गेला नाही. अभ्यासक्रम मागं राहतो म्हणून एकदा प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "बाकीच्या विषयांचा पुढं गेलाय ना? मग सरासरी बरोबर आहे."

त्यांच्या वहीत प्रत्येक शब्दापुढं तीन रकाने असत. अर्थ, उगम, टीप. पहिले दोन निळ्या शाईत कोशातून काढलेले. टीप मात्र लाल शाईत आणि स्वतःच्या मनाची. ती सर कुणाला वाचून दाखवत नसत. "टीप खासगी असते," म्हणायचे.

सगळ्या शब्दांत त्यांचा जीव राज्यकर्त्यांच्या पदव्यांवर जास्त. वर्गातही ते आम्हाला त्याच द्यायचे, फक्त गुन्हा पाहून. उशिरा येणारा 'नरेश'. गृहपाठ न केलेला 'सम्राट', कारण सम्राट स्वतःच्या हातानं काही करत नसतो. बाकाखाली मोबाईल पाहणारा 'जहाँपनाह'. निकाल लागायच्या सुमारास आमच्या वर्गात प्रजा अशी कुणी उरतच नसे. मला तीन वर्षांत एकही पदवी मिळाली नाही. मी वेळेवर यायचे आणि गृहपाठ करायचे. एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "तुझी अजून तेवढी घसरण झालेली नाही."

हे वेड कुठून आलं, तेही त्यांनीच एकदा सांगितलं होतं. त्यांचं लहानपण वालचंदनगरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गेलं. शेजारी उत्तरेकडून आलेले एक क्रेन चालवणारे होते. सगळी चाळ त्यांना 'राजासाहब' म्हणायची. पूर्वज म्हणे कुठंतरी राज्य करत. सर तेव्हा शाळेत होते. त्यांनी जाऊन सरळ विचारलं, "राजा म्हणजे काय?" त्या गृहस्थांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटा, जिसे सब राजा कहें, वो राजा." एवढं बोलून ते हंडा घेऊन नळाच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. "तेव्हापासून," सर म्हणायचे, "मला शंका आहे."

ही शंका घेऊन ते सगळीकडं फिरायचे. ते राहायला पिंपळीला. तिथून जुन्या मोपेडवर येताना चौकात वाढदिवसाचा फलक दिसला की गाडी बाजूला. एकदा मी त्याच वेळी बसमधून उतरले होते. फलकावर गॉगल लावलेला एक मुलगा आणि खाली 'युवा सम्राट'. सर शेजारच्या पानवाल्याला अगदी गंभीरपणे विचारत होते, "यांनी यज्ञ कधी केला?"

"कुनी?"

"यांनी. जुन्या काळी राजसूय यज्ञ केल्याशिवाय सम्राट म्हणवून घेता येत नसे."

पानवाल्यानं फलकाकडं नीट पाहिलं. "न्हाय सर, यज्ञबिज्ञ न्हाय. केक कापलाय."

सरांनी तिथंच वही काढून टीप लिहिली. पानवाल्याला वाटलं, नगरपालिकेचा माणूस आहे. त्यानं घाईघाईनं आपलं टेबल मागं ओढलं.

एक तास मात्र मी विसरणार नाही. त्या दिवशी शब्द होता 'नृप'. सर म्हणाले, "नृ म्हणजे माणसं. प म्हणजे राखणारा. भूप, भूपाल, महीपाल, सगळे त्याच घरचे. आपल्याकडं राजाला जितकी नावं आहेत त्यातली निम्मी राखणीची आहेत. मालकीची नाहीत. राखण म्हणजे काय, कुणी सांगेल?"

मी कधी हात वर करत नसे. त्या दिवशी कसा झाला कुणास ठाऊक. उभी राहून म्हणाले, "सर, माझे वडील डाळिंबाची बाग राखतात." वर्ग हसला. मला वाटलं, आता खाली बसावं आणि परत उठू नये.

सर हसले नाहीत. "डाळिंबाला संस्कृतात दाडिम म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे ते दाडिमप झाले. व्याकरणानं काही हरकत नाही. हसणाऱ्यांच्या वडिलांपैकी कोण काय राखतं, हे आता एकेकानं सांगावं." मग कुणी हसलं नाही.

संध्याकाळी मी हे आप्पांना सांगितलं. ते बांधावर बसून चप्पल शिवत होते. त्यांनी सुई थांबवली. "म्हंजी राखनारा त्यो राजा?"

"शब्दाचा अर्थ तसा आहे."

"मंग मालक कोन?"

तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. सरांनी लाल पेन काढलं, बराच वेळ धरून ठेवलं आणि परत खिशाला लावलं. "तुझ्या वडिलांना सांग, हा प्रश्न कोशात नाही. पण आहे चांगला."

आता मानपत्राकडं येते. ते टाळून सरांबद्दल लिहिता येणार नाही.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबा. त्यांचा एक पेट्रोलपंप, एक मंगल कार्यालय आणि एक कॉलेज. त्या वर्षी त्यांची एकसष्टी होती. आबांनी शिक्षणासाठी नेमकं काय केलं, हे सांगता येणारं कुणी सापडत नव्हतं, पण ते पुष्कळ आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. कार्यक्रम आबांच्याच मंगल कार्यालयात ठरला. प्रमुख पाहुणे उत्तरेकडचे कुणी मोठे गृहस्थ होते, म्हणून मानपत्र हिंदीत हवं होतं. ऑफिसातले हेडक्लार्क, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, ते वर्ग चालू असतानाच दारात आले.

"सर, आबांचं मानपत्र तुमी लिहायचं. जरा वजनदार शब्द टाका."

"किती वजनदार? आबांना गुडघ्यांचा त्रास आहे."

"चेष्टा नगा करू. राजा-बिजा, सम्राट, आसलं कायतरी."

"राजा, नृप, भूपाल, नरेश, सम्राट," सर म्हणाले. "यातली कोणती हवी?"

भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला. "समद्याच टाका की. आबांना काय कमी हाय?"

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की, हिंदीला मुलं कमी आहेत, विभाग बंद करायचा विषय बैठकीत आलाय, तास द्यायचे का नाही ते आबा ठरवणार आहेत. "मानपत्र चांगलं होऊ द्या," एवढंच पुढं म्हणाले. हे आम्हाला सरांनी नाही, शिपाईकाकांनी सांगितलं. म्हणजे सगळ्या कॉलेजला माहीत होतं की, त्या एका कागदावर सरांचा पुढचा जून अवलंबून आहे.

आणि सरांनी तो कागद मन लावून लिहिला. मला वाटलं होतं, ते काहीतरी खोच मारतील. नाही मारली. पाचही पदव्या, नीट ओळीनं, सुंदर अक्षरात. लिहिताना त्यांचा चष्मा सारखा खाली सरकत होता आणि ते तो वर करत नव्हते. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की, सरांनासुद्धा नोकरी हवी असते.

वाचायला त्यांनी मला निवडलं. मी म्हणाले, "सर, मला भीती वाटते."

"म्हणूनच. ज्यांना भीती वाटत नाही त्यांनी या भाषेचं काय केलंय ते चौकात लागलेलं असतं."

सरावासाठी त्यांनी मला एक वेगळी प्रत दिली. त्यात प्रत्येक पदवीखाली अर्थ आणि उगम लिहिलेला, आणि त्याखाली लाल शाईत टीप. "हे तुझ्यासाठी," म्हणाले. "अर्थ न कळता वाचलंस तर आवाज पोकळ येतो." टीप त्यांनी कुणाला दाखवली असेल तर ती मलाच पहिल्यांदा. मला फार मोठं वाटलं. मी ती प्रत पाठ होईपर्यंत वाचली, लाल अक्षरांसकट.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचायची प्रत मला भाऊसाहेब देणार होते. पण त्यांनी असलेली एकुलती एक चांगली प्रत फ्रेम करून, चमकीच्या कागदात बांधून, वर रिबीन लावून ठेवली होती. "फोडू नगंस," ते म्हणाले. "तुझ्याकडं हाय की कागद. त्योच वाच." मी लाल शाईचा कागद घेऊन माईकसमोर गेले.

आमच्याकडं रीत अशी आहे की, मानपत्र वाचून होईपर्यंत सत्कारमूर्तीनं उभं राहायचं. वाचन सुरू असताना बसणं म्हणजे मान नाकारणं. आबा फेटा, शाल आणि गुडघ्यापर्यंत येणारा हार घालून हात जोडून उभे राहिले. तीन मिनिटांचं काम होतं.

मी पहिली ओळ वाचली. "हमारे हृदय के राजा..." आणि समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत सर बसले होते. त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट वर गेलं.

तीन वर्षांची सवय. मी थांबले.

"राजा," मी म्हणाले. "अर्थ, शासन करणारा. उगम, संस्कृत राज्, म्हणजे शोभणं, चमकणं, सत्ता चालवणं. दुसरं एक मत असं की, प्रजेला रंजवतो म्हणून राजा. टीप. दुसरं मत ऐकायला गोड आहे, पुरावा कमी आहे."

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, स्तुतीचा टप्पा संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे वाजवतात म्हटल्यावर सगळ्यांना वाजवाव्या लागल्या. मला वाटलं, बरोबर चाललंय, पुढच्या पदव्याही अशाच वाचायच्या.

"नृप. माणसं राखणारा. नृ म्हणजे माणसं, प म्हणजे राखणारा. टीप. राखणं म्हणजे बारा महिने. मार्चला सोडून देणं आणि जूनला परत बोलावणं, हे यात बसत नाही."

आता पाहुण्यांच्या आधी प्राध्यापकांच्या रांगेतून टाळ्या आल्या. सगळ्या रांगेतून नाही, तासिकावाल्यांच्या बाजूनं. मागं बसलेला एक म्हातारा ओरडला, "पोरी, त्ये राखन्याचं पुन्यांदा सांग!" मी पुन्हा सांगितलं. कुणी वडीलधारं काही सांगा म्हणालं तर नाही कसं म्हणायचं?

"भूपाल. भुई पाळणारा. टीप. पाळणारा, घेणारा नव्हे." हे मी घाईत वाचलं. आबांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. माईक चालू होता, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. ते भाऊसाहेबांना विचारत होते, "आजून किती राजं ऱ्हायलेत?"

"दोन, आबा."

"नरेश. नर अधिक ईश, माणसांचा स्वामी. हिंदीत संस्थानिकांना लावतात, आधी गावाचं नाव, मग नरेश. टीप. लावण्यापूर्वी गावाला विचारावं."

सर तोपर्यंत अर्धवट उठले होते. भाऊसाहेब माझ्याकडं हातवारे करत होते. मला ते दिसत होते, पण मला वाटलं, आवाज मोठा कर म्हणत आहेत. मी मोठा केला.

"सम्राट! सम् म्हणजे पूर्ण, राज् म्हणजे राज्य करणं. बाकीच्या राजांनी ज्याला मानलं तो. टीप. स्वतःच्या माणसांनी म्हटलेलं धरत नाहीत."

टाळ्या फार वाजल्या. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली आणि "बहुत सुंदर" म्हणाले. आबा खुर्चीत बसले ते गुडघा धरूनच. मी खाली उतरले आणि मैत्रिणीचा चेहरा पाहिला. तेव्हा मला कळलं की, मी टीप वाचली होती.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. प्राचार्य कागद पुढं सरकवून म्हणाले, "लेखी दे. कुणाच्या सांगण्यावरून वाचलं ते. आणि उद्या वडिलांना घेऊन ये." भाऊसाहेब म्हणाले, "दाखल्यावर शेरा मारतो हिच्या. फुडं कुटं प्रवेश भेटतोय बगू." मी पेन उचललं आणि वर तारीख घातली. आप्पा एक दिवस बाग सोडून इथं येणार आणि या खोलीत उभे राहणार, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

सर दार न वाजवता आत आले.

"तिला लिहायची गरज नाही. मी खूण केली होती. बोट वर केलं की अर्थ सांगायचा, हा माझ्या वर्गाचा नियम आहे. कुणालाही विचारा."

"सर, सगळ्यांनी पाहिलंय तुमचं बोट," प्राचार्य म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला."

"तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

"अर्थही कळतो," सर म्हणाले, "आणि उगमही." टीप त्यांनी सांगितली नाही. ती खासगी असते.

माझ्या दाखल्यावर शेरा आला नाही. जूनमध्ये हिंदीचे तास आले नाहीत. मुलाखतीची जाहिरात लागली, त्यात तो विषयच नव्हता. मानपत्र मात्र आबांना आवडलं. आजही त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागं लावलेलं आहे, पाचही पदव्या ओळीनं, काचेखाली. त्यात अर्थ नाही, त्यामुळे वाचायला अडचण येत नाही.

मला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला, हिंदीलाच. हे सांगायला मी पिंपळीला गेले. आप्पांनी पिशवीभर डाळिंबं दिली होती. देताना म्हणाले, "मालकाला इचारून घेतल्यात, सांग सरांना. न्हायतर कायतरी लिवतील." सर ओट्यावर वही घेऊन बसले होते. आता ते घरीच शिकवण्या घेतात. प्रवेशाचं ऐकून म्हणाले, "म्हणजे आणखी एक तासिकावाली," आणि डाळिंब फोडायला घेतलं.

मी कित्येक महिने मनात धरून ठेवलेलं विचारलं. "सर, त्या दिवशी तुम्ही खरंच खूण केली होती?"

त्यांनी दाणे काळजीपूर्वक ताटलीत सोडवले. "नाही."

"मग बोट?"

"माशी होती. नाकावर बसत होती."

"मग ऑफिसात तुम्ही..."

"ऑफिसात माशीचं नाव सांगितलं असतं, तर तिच्याकडून लेखी मागितलं असतं."

मला रडू येत होतं. सरांनी ते पाहिलं असावं, कारण त्यांनी लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "रडण्यासारखी एकच गोष्ट घडलीय. 'भूपाल' तू घाईत गुंडाळलास. नुसता अर्थ आणि टीप. उगम गाळलास. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो. उठ. परत वाच."

"इथं?"

"मग कुठं? मंगल कार्यालय घेऊ?"

मी उभी राहिले. कागद नव्हता, पण पाठ होतं. "हमारी धरती के भूपाल," मी म्हणाले आणि सरांकडं पाहिलं.

त्यांनी बोट वर केलं. या वेळी माशी नव्हती.